१८ आलं म्हणजे आकडेमोड नाही, संयुजा चुकली

प्रश्न असा आहे: ०.५४ ग्रॅम अनोळखी धातू जास्तीच्या विरल हायड्रोक्लोरिक आम्लात पूर्ण विरघळला, एसटीपीला (प्रमाण तापमान-दाबाला) ६७२ मिली हायड्रोजन निघाला, धातू ओळखा. तुझं उत्तर १८ आलं आणि १८ चा धातूच सापडेना. भागाकार-गुणाकार सगळे बरोबर आहेत. घोळ पहिल्याच ओळीत आहे: समीकरण लिहिताना धातूची संयुजा (व्हॅलन्सी) २ धरलीस. ती प्रश्नात कुठे दिलीय?

संयुजा क्ष ठेव. एक मोल धातूमागे क्ष/२ मोल हायड्रोजन. ६७२ ÷ २२४०० = ०.०३ मोल वायू, म्हणजे हायड्रोजन अणूंचे ०.०६ मोल. ०.५४ ÷ ०.०६ = ९. हे इक्विव्हॅलेंट मास झालं, म्हणजे अणुवस्तुमान भागिले संयुजा. आता त्याला १, २, ३ ने गुणत जा. एकने ९, बेरिलियम! इथेच बरीच पोरं खूण करून मोकळी होतात. पण बेरिलियमची संयुजा २, आपण धरली १, बाद. दोनने १८, धातू नाही. तीनने २७, अॅल्युमिनियम, संयुजाही ३. जमलं.

विशिष्ट उष्मा दिला असेल तर चाचपडावंही लागत नाही. ड्युलाँग-पेटिटचा १८१९ चा नियम लाव, अणुवस्तुमान × विशिष्ट उष्मा म्हणजे साधारण ६.४. इथे विशिष्ट उष्मा ०.२१५ (कॅलरीमध्ये) दिला असेल तर ६.४ ÷ ०.२१५ म्हणजे साधारण ३०. त्याला ९ ने भाग, ३.३ येतं, संयुजा ३. अणुवस्तुमान मात्र ९ × ३ असंच काढायचं, ते ३० कच्चं असतं.

एसटीपीला एक मोल वायूचं आकारमान २२.४ लिटर धरलं ते दाब १ अॅटमॉस्फिअर मानून, १ बार मानला तर २२.७. इथे २२.७ घेतलं तर २७.४ येतं, धातू तोच.

प्रात्यक्षिकात वायू पाण्यावर गोळा केला तर मात्र फरक मोठा. लातूर पठारावर आहे, तिथे हवेचा दाब ७६० नाही, जेमतेम ७०५ मिमी (पाऱ्याचे). मे महिन्यात लॅबमध्ये ४० अंश असेल तर त्यातले ५५ मिमी पाण्याच्या वाफेचे. हायड्रोजनच्या वाट्याला उरले ६५०. तू ७६० धरलेस की मोल १७ टक्के फुगतात, ९ चे ७.७ होतात आणि तीनने गुणल्यावर २३ येतं. सोडियमचं वस्तुमान! पण सोडियमची संयुजा १, म्हणून तो तिथेच गळतो.