समेटाच्या कागदावर सही करण्यापूर्वी

समेटाविषयी वाचकांच्या मनातील गोंधळ पुन्हा पुन्हा पत्रांतून येतो, म्हणून त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : वर्णभेदाच्या राजवटीतील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आयोगापुढे खरे सांगितले की गुन्ह्याची माफी मिळत असे, हे खरे का?

नाही. ७,११२ अर्जांपैकी ८४९ मंजूर झाले. गुन्ह्यामागे राजकीय हेतू असणे आणि सर्व हकिगत उघड करणे या दोन्ही अटी होत्या.

प्रश्न : धुऱ्याचा (शेताच्या बांधाचा) वाद लोकअदालतीत मिटवला. आता अपील करता येईल का?

अपील नाही. फसवणूक झाली असे वाटत असल्यास निवाड्याची प्रत घेऊन वकिलांना लगेच भेटा.

प्रश्न : पोळ्याला आमची बैलजोडी तोरणाखाली येऊ दिली नाही, जातीवरून शिवीगाळ करून मारहाण केली. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल आहे. गावाचे नाव खराब होते म्हणून केस मागे घ्या, असा तंटामुक्ती समितीचा आग्रह आहे. एकाने तर पैसे घेऊन स्टँपपेपरही तयार केला आहे.

सही करू नका. ‘गैरसमजुतीतून तक्रार दिली’ हे वाक्य अशा कागदांत हमखास असते आणि त्या एका वाक्याने मार खाणारा माणूस खोटारडा ठरतो. खटला शासन चालवते; स्टँपपेपरने तो संपत नाही, मात्र उलटतपासणीत तोच कागद तुमच्यासमोर धरला जातो. कागद विकणारा हे सांगत नाही. २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेने धुऱ्याचे, पांदणीचे वाद मिटवावेत, त्याला माझा विरोध नाही. परंतु जातीय अत्याचारावर पडदा टाकण्याचा अधिकार कोणत्याही समितीला नाही. आफ्रिकेतील आयोगाने एप्रिल १९९६ मध्ये जाहीर सुनावण्या सुरू केल्या, तेव्हा आधी ज्यांनी सोसले त्यांना बोलू दिले. आपल्याकडे त्यांनाच आधी गप्प बसवतात. तिथेही भरपाई रखडली : आयोगाने सहा वर्षे वार्षिक अनुदान सुचवले होते, सरकारने २००३ मध्ये एकरकमी ३०,००० रँड जाहीर केले. म्हणून शासकीय अर्थसाहाय्याचा आणि साक्षीदार-संरक्षणाचा अर्ज आजच करा. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो; जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.

प्रश्न : अशाच प्रकरणात माझा भाऊ आरोपी आहे. मला त्या कुटुंबाची मनापासून माफी मागायची आहे. जाऊ का?

तुमची भावना मोलाची आहे, पण परस्पर जाऊ नका. साक्षीदारावर दबाव आणल्याचा अर्थ निघू शकतो. आधी वकिलांना विचारा. त्या कुटुंबाने भेटण्याची तयारी दाखवलीच, तर घडले ते काटछाट न करता कबूल करा आणि केसचा विषय काढू नका.