मे महिन्यात नाशिकजवळच्या डोंगरांत जायचे असल्यास हवामानाचा अंदाज कसा वाचावा?

आपला प्रश्न असा आहे की मेच्या तिसऱ्या आठवड्यात नाशिकला मुक्काम करून एक दिवस कळसूबाई आणि एक दिवस अंजनेरी असा सहकुटुंब बेत ठरला आहे, मोबाइलवर मात्र रोजच ३८ अंश तापमान आणि विजांसह पाऊस दिसतो आहे, तेव्हा जावे की बेत रद्द करावा. माझे मत असे की जरूर जावे, परंतु चढाई उजाडण्यापूर्वी सुरू करावी आणि दुपारी बाराच्या सुमारास पायथ्याशी परत यावे. वेळेचे हे बंधन पाळणे जमणार नसेल, तर मात्र बेत पुढे ढकललेला बरा.

मोबाइलवर दिसणारे ३८ अंश हे नाशिक शहराचे, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरचे आणि सावलीत मोजलेले तापमान असते. दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, त्यामुळे १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर त्याच वेळी ३१-३२ अंश असू शकतात. याचा अर्थ ऊन कमी लागते असा मात्र नाही. मे महिन्यात डोंगरावरचे गवत वाळलेले असते, वाटेवर सावली बेताचीच मिळते, आणि काळा कातळ सकाळी दहानंतर असा तापतो की वाटेतल्या लोखंडी शिड्यांचे कठडे धरताना हात भाजतो. माणशी तीन-चार लिटर पाणी आणि मीठ-साखर सोबत असावी.

उकाड्याचा अंदाज घेण्यासाठी आर्द्रतेच्या टक्केवारीवर फारसे विसंबू नये. पहाटे २४ अंशांवर ८० टक्के आर्द्रता आणि दुपारी ३८ अंशांवर ३६ टक्के आर्द्रता, हे आकडे एकमेकांपासून कितीही दूर वाटले तरी हवेतील बाष्प दोन्ही वेळा जवळजवळ तेवढेच असते. तापलेली हवा अधिक बाष्प सामावू शकते, म्हणून टक्केवारी घसरलेली दिसते. त्याऐवजी दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान, पाहावा. वरच्या दोन्ही नोंदींत तो सुमारे २० अंश येतो. दवबिंदू त्याच्या आसपास किंवा वर असेल, तर घाम लवकर वाळत नाही, चढणीवर दम लागतो आणि शिवाय दुपारच्या वळवाला लागणारी सामग्री हवेत तयार असते. दवबिंदू १०-१२ अंशांवर असेल, तर ऊन कोरडे राहते आणि गडगडाटाची शक्यता बरीच कमी होते.

आपल्याकडे हे बाष्प मुख्यतः अरबी समुद्रावरून येते. दिवस चढतो तसे पश्चिमेचे वारे कोकणातली दमट हवा कसारा घाटाच्या बाजूने वर आणतात, डोंगर तिला आणखी वर ढकलतो, आणि पठारावरच्या तापलेल्या हवेचा झोत मिळाला की सकाळी कापसाच्या पुंजक्यांसारखे दिसणारे ढग दुपारी दोन-तीनच्या सुमारास उंच मनोरे होतात. म्हणूनच वळीव बहुधा दुपारनंतर येतो, आणि म्हणूनच तो त्र्यंबकेश्वरला झोडपून काढतो तेव्हा नाशिकरोडला धूळसुद्धा बसत नाही. (उन्हाळ कांदा उघड्यावर असलेल्या शेतकऱ्याला हा लहरीपणा आपल्यापेक्षा फार महागात पडतो.) मोबाइलवरचे पावसाचे चिन्ह दिवसभराच्या पावसाचे नसते, दिवसात केव्हातरी, कोठेतरी पाऊस पडू शकतो, एवढेच त्यातून कळते. तासागणिक अंदाज उघडून सरी कोणत्या वेळी दाखवल्या आहेत ते पाहावे.

भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा अंदाज देतो; त्यावरून आठवड्याचा एकंदर कल कळतो, तुमचा शनिवार कसा जाईल हे कळत नाही. त्यासाठी आदल्या दिवशीचा जिल्हानिहाय इशारा आणि त्या दिवशीचा तीन तासांचा तातडीचा इशारा पाहावा. येथे एक खाचखळगा आहे. कळसूबाई प्रशासकीयदृष्ट्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात येते, आणि तो जिल्हा पूर्वेकडे पार कोरड्या पठारापर्यंत पसरलेला आहे. त्यामुळे शिखरासाठी नाशिकच्या घाटमाथ्याचा इशारा मला अधिक उपयोगी वाटतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे ॲप आसपास वीज कोठे पडते आहे ते दाखवते, ते आधीच फोनवर घेऊन ठेवावे.

डोंगरावर असताना मात्र फोनपेक्षा आकाशावर भिस्त ठेवावी. ढगाचा माथा सपाट होऊन बाजूला पसरू लागला, किंवा उकाड्यात एकाएकी गार वाऱ्याचा झोत आला, तर उतरायला लागावे. मेघगर्जना ऐकू आली याचाच अर्थ आपण विजेच्या टप्प्यात आहोत. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते, पण ते मोजत थांबण्यापेक्षा माथा सोडणे महत्त्वाचे. माथ्यावरच्या छोट्या देवळाच्या दारात, एकट्या झाडाखाली किंवा शिडीवर थांबू नये. घोळक्याने उभे न राहता अंतर ठेवून उतरावे. पायथ्याशी पक्के घर किंवा काचा बंद केलेली मोटार हा सुरक्षित आसरा होय, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथून हलू नये.

तिसऱ्या आठवड्याऐवजी महिनाअखेर निवडणार असाल, तर मोसमी पावसाची वाटचालही पाहावी लागेल. तो मुंबईत साधारण ११ जूनला पोहोचतो, पण २०२५ मध्ये २६ मे रोजीच दाखल झाला होता. तसे झाल्यास दुपारच्या वळवाचे गणित लागू राहत नाही. पाऊस पहाटेही असतो, माथा धुक्यात जातो, शिड्या आणि कातळ निसरडे होतात, आणि लहान मुले बरोबर असतील तर त्या दिवशी कळसूबाईऐवजी भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी जाणे मी पसंत करीन.