कोल्हापूर मावलं, बाजार समिती सांडली

वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, मी कोल्हापूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून बाजार समितीतल्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यासाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहिलाय. काट्याला नाव देता यावं म्हणून स्ट्रक्चरमध्ये 32 बाईटांचा 'नाव' हा ॲरे आहे, आणि त्याच्या लगेच खाली कॅलिब्रेशनचा आकडा. राइट फंक्शनमध्ये काउंट (आलेल्या बाईटांची संख्या) 32 पेक्षा जास्त आला तर मी तो 32 करतो, कॉपी_फ्रॉम_यूजरने (वापरणाऱ्या प्रोग्रॅमकडून मजकूर आणणारं फंक्शन) तो मजकूर थेट ॲरेत आणतो, नाव[काउंट] मध्ये शून्य ठेवतो आणि काउंट परत करतो. बफर ओव्हरफ्लो, म्हणजे ठरलेल्या जागेबाहेर मजकूर सांडणं, शक्यच नाही. तरी परीक्षकांनी 'ओव्हरफ्लो नीट हाताळलेला नाही' असा शेरा मारला. असं का?

उत्तर: परीक्षकांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी कोड खरंच वाचलाय, आणि हे दर वर्षी घडत नाही.

ओव्हरफ्लो होतोय, आणि तुम्ही अभिमानाने सांगितलेल्या ओळीतच होतोय. ॲरेचे खण 0 ते 31. काउंट 32 झाला की नाव[32] मध्ये शून्य जातं, म्हणजे ॲरेच्या बाहेर, कॅलिब्रेशनच्या पहिल्या बाईटवर. एकच बाईट, तोही शून्य. पण तुमचा प्रोसेसर इंटेलचा असो वा एआरएमचा, आकड्याचा सगळ्यात हलका बाईट तिथे आधी असतो. कॅलिब्रेशन 1000 असेल तर ते मुकाट्याने 768 होतं. शेतकऱ्याच्या गुळाचं वजन बदललं आणि लॉगमध्ये एक अक्षर नाही. केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून चाचणी घेतली असती तरी ते गप्प बसलं असतं. केसॅनला ऑब्जेक्टच्या बाहेर गेलेला बाईट दिसतो, त्याच ऑब्जेक्टमधल्या शेजारच्या फील्डवर सांडलेला दिसत नाही. त्यासाठी कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कॉन्फिगमध्ये यूबीसॅन या दुसऱ्या साधनाची बाउंड्स (हद्दीची) तपासणी चालू करा, ती नाव[32] वर लगेच ओरडेल.

ही ओळ सुधारून तुम्ही मर्यादा 31 कराल, पण शेरा पुसला जाणार नाही. काउंट कापून पुढे जाणं हीच मूळची गडबड आहे.

काट्याला 'कोल्हापूर बाजार समिती' असं नाव देऊन बघा. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, 3 बाईट खातं. 'कोल्हापूर'चे 27 झाले, रिकाम्या जागेचा 1, 'बाजार'मधल्या 'ब'चे 3. झाले 31. बत्तिसावा बाईट 'बा'च्या कान्याचा पहिला तुकडा. तिथे तुम्ही सुरी फिरवली आणि 32 परत केले. राइटने 59 पैकी 32 परत दिले याचा लिनक्समधला अर्थ 'एवढे घेतले, बाकीचे पुन्हा पाठवा' असा आहे. नीट लिहिलेले प्रोग्रॅम उरलेले 27 बाईट इमाने इतबारे पुन्हा पाठवतात. तुमचा ड्रायव्हर ते नवं नाव समजून ॲरेच्या सुरुवातीपासून लिहितो. काट्याचं नाव आता तुटलेल्या कान्याचा कचरा आणि पुढे 'जार समिती'. कापूनही 59 परत केले असते तर आणखी वाईट: ते सरळ खोटं.

मोठं नाव घ्यायचंच नाही. काउंट शून्य असेल किंवा ॲरेच्या आकाराइतका वा जास्त असेल, तर एकही बाईट न हलवता उणे ईइन्व्हॅल ('दिलेलं मूल्य चुकीचं' हा एरर कोड) परत करा. ईनोस्पेस परत करू नका. वापरणाऱ्याला 'डिव्हाइसवर जागा नाही' असा संदेश दिसतो आणि बिचारा डिस्क रिकामी करायला घेतो. मजकूर आधी स्थानिक तात्पुरत्या बफरमध्ये आणा. कॉपी_फ्रॉम_यूजर न आलेल्या बाईटांची संख्या देतं. ती शून्य नसेल तर उणे ईफॉल्ट ('पत्ता चुकीचा'). (ती संख्याच परत करणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. वरच्या प्रोग्रॅमला वाटतं तेवढे बाईट लिहिले गेले.) थेट ॲरेत कॉपी केलं आणि ती अर्ध्यात फसली तर जुनं नाव गेलेलं असतं आणि नवं आलेलं नसतं. तात्पुरता बफर पूर्ण भरला, शेवटचं शून्य बसलं, शेलच्या एकोने चिकटवलेली नवी ओळ काढली, की मगच लॉक घेऊन खऱ्या ॲरेत टाका. स्पिनलॉक धरून कॉपी_फ्रॉम_यूजर बोलावू नका, ते झोपू शकतं, आणि स्पिनलॉक धरून झोपायला मनाई आहे.

मग कापणं कधीच चालत नाही का? चालतं. कर्नलमध्येच शेजारी शेजारी दोन उदाहरणं आहेत. प्रोसेसचं नाव 16 बाईटांचं, शेवटच्या शून्यासकट. प्रोसेसला 'कोल्हापूर' नाव दिलंत तर कर्नल न सांगता ते कापतं आणि 'कोल्ह' ठेवतं. ते नाव फक्त बघण्यापुरतं असतं, ओळख म्हणून पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, आहे. नेटवर्क इंटरफेसच्या नावालाही 16 बाईटच आहेत, पण तिथे मोठं नाव कर्नल सरळ नाकारतं, कारण त्या नावाने फायरवॉलचे नियम लागतात आणि कापलेलं नाव दुसऱ्याच इंटरफेसचं निघू शकतं. तुमच्या काट्याचं नाव पावतीवर छापलं जाणार असेल तर ते दुसऱ्या प्रकारातलं आहे.

कर्नलच्या आत एका बफरातून दुसऱ्यात नाव नेताना स्ट्रएनसीपीवाय वापरू नका. मजकूर पुरेपूर बसला की ते शेवटचं शून्य टाकतच नाही. स्ट्रएलसीपीवाय 2024 च्या 6.8 आवृत्तीत कर्नलमधून काढूनच टाकलं. 2015 पासून, म्हणजे 4.3 पासून, स्ट्रएससीपीवाय आहे: शेवट नेहमी शून्याने करतं आणि मजकूर कापावा लागला तर उणे ईटूबिग देतं. ते उत्तर तपासा. न तपासता स्ट्रएससीपीवाय लिहिणारे लोक निव्वळ नव्या नावाने जुनंच काम करतात.

प्रश्न: आकार तपासणारी ओळ असूनही ओव्हरफ्लो झाल्याच्या बातम्या वाचतो. ओळ आहे तर तो होतो कसा? (पणजी)

उत्तर: ओळीतलं गणितच उलटतं म्हणून. याचं माझं आवडतं उदाहरण (आवडतं म्हणणं बरं दिसत नाही, पण आहे) सीव्हीई-2022-0185 (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीला मिळणारा क्रमांक). लिनक्समध्ये फाइलसिस्टीम माउंट करताना दिलेले पर्याय एकामागोमाग एका पानात साठवले जात; पान म्हणजे 4096 बाईट. नवा पर्याय घेण्याआधी तपासणी होती: नव्याची लांबी 'पान वजा 2 वजा आतापर्यंत भरलेलं' यापेक्षा जास्त असेल तर नकार. वाचायला चोख. पण भरलेलं 4095 झालं की 4096 वजा 2 वजा 4095 म्हणजे उणे 1, आणि सगळे आकडे अनसाइन्ड (उणे होऊच न शकणारे), म्हणून उणे 1 चा झाला अवाढव्य मोठा आकडा. कुठलीही लांबी त्याहून लहानच. दार सताड उघडं.

हा कोड 2019 मध्ये 5.1 आवृत्तीत आला आणि जानेवारी 2022 मध्ये दुरुस्त झाला. मधल्या काळात कंटेनरमधून (प्रोग्रॅमला वेगळं ठेवणाऱ्या कप्प्यातून) बाहेर पडून यजमान मशिनचा ताबा घेता येत होता. दुरुस्ती एका ओळीची: वजाबाकीऐवजी बेरीज. भरलेलं अधिक लांबी अधिक 2, हे पानापेक्षा मोठं असेल तर नकार. नकाराचा रस्ता आधीपासून तयार होता, एरर आणि संदेशासकट. भरलेलं 4095 झालं की तिकडे वळवणारी अटच खरी होत नव्हती.

बेरीजही उलटते, हे विसरू नका. तिथे लांबीला आधीच लहान मर्यादा होती म्हणून बेरीज पुरली. लांबी बाहेरून कशीही येत असेल तर चेक_ॲड_ओव्हरफ्लो, गुणाकाराला चेक_मल_ओव्हरफ्लो, आणि ॲरेसाठी मेमरी मागताना स्वतः गुणाकार न करता केमॅलॉक_ॲरे. गुणाकार उलटला तर ते नल देतं, मग नेहमीचा उणे ईनोमेम ('मेमरी नाही') परत करता येतो.

प्रश्न: आमची स्टोरेज ड्रायव्हरची टीम आहे. डिव्हाइसकडून आलेली लांबी बफरपेक्षा मोठी दिसली तर सीनियर म्हणतात बग_ऑन (अट खरी ठरली की काम तिथेच तोडणारी ओळ) लावा, मशिन थांबलं तरी चालेल, ग्राहकाचा डेटा वाचला पाहिजे. मी म्हणतो एरर परत करा. कोण बरोबर? (पुणे)

उत्तर: या प्रसंगी तुम्ही. पण सीनियरांची काळजी खोटी नाही. स्टोरेजमध्ये वाढलेल्या माणसाला डेटा बिघडण्याची भीती मशिन बंद पडण्याहून मोठी वाटते, आणि वाटावीच.

लांबी मोठी आहे हे तुम्हाला लिहिण्याच्या आधी कळलंय, की नंतर? तुमच्या प्रसंगात आधी. मेमरी शाबूत आहे, बिघडलंय ते डिव्हाइसचं उत्तर. ती विनंती उणे ईआयओने ('वाचन-लेखन फसलं') संपवा, घेतलेली मेमरी आणि लॉक उलट्या क्रमाने सोडा, लॉगमध्ये मर्यादित वेगाने एक ओळ टाका. मर्यादित वेगाने यासाठी की खराब फर्मवेअर सेकंदाला हजारो वेळा तेच बोलेल आणि लॉगमध्ये दुसरं काही दिसणार नाही.

बग_ऑन तिथे लावलं तर चालू प्रोसेस मारली जाते, पण तिने धरलेलं लॉक धरलेलंच राहतं. मशिन थांबत नाही, लटकतं. ज्याला त्या लॉकची गरज आहे तो एकेक करून अडकत जातो, आणि डिस्कवर जायचा डेटा मेमरीतच राहतो. सीनियरांना नेमकं हे नकोय. कर्नलच्या अधिकृत दस्तऐवजातही नव्या कोडमध्ये बग_ऑन घालू नका असं सांगितलंय. लॉगमध्ये नुसता इशारा टाकणारं वॉर्न_ऑनसुद्धा फक्त 'हे कधीच होऊ शकत नाही' अशा जागी. बऱ्याच कंपन्या वॉर्नवर पॅनिक होईल, म्हणजे अख्खं कर्नल थांबेल, असं सेटिंग ठेवतात. बाहेरून येणाऱ्या आकड्यावर वॉर्न लावलंत तर यूएसबीला काहीतरी खोचून कुणीही सर्व्हर पाडू शकेल.

लिहून झाल्यावर कळलं तर सीनियर बरोबर. स्टॅक प्रोटेक्टर ओव्हरफ्लो पकडायला स्टॅकवर एक खुणेचं मूल्य ठेवतो; ते बदललेलं दिसलं की कर्नल थेट पॅनिक होतं, आणि ते योग्यच आहे. फंक्शनचा परतीचा पत्ताच पुसला गेलेला असू शकतो. एरर परत करायची तर कुठे?

तुमच्या पॅचमध्ये दोन गोष्टी मात्र तपासा. खाली एरर परत करणाऱ्या फंक्शनला हाक मारणारा वरचा कोड ती एरर वाचतो का? आणि त्या फंक्शनला बफरचा आकार सांगतो का? 2017 मध्ये गाजलेल्या ब्लूटूथच्या सीव्हीई-2017-1000251 मध्ये स्टॅकवरचा 64 बाईटांचा बफर आतल्या फंक्शनला नुसता पॉइंटर म्हणून दिला होता, आकार सोबत नव्हताच. आतल्याला तपासायची इच्छा असती तरी कशाशी ताडून पाहणार? दुरुस्तीत आकार सोबत पाठवायला सुरुवात झाली.

प्रश्न: रस्ट या भाषेत कर्नल लिहिलं की हे सगळं संपेल ना? (नाशिक)

उत्तर: मेमरीवर सांडणं बरंचसं संपेल, अनसेफ भाग (जिथे भाषा पूर्ण हमी देत नाही) सोडून. डिसेंबर 2022 मध्ये 6.1 आवृत्तीत लिनक्सला रस्टचा पहिला आधार मिळाला. पण वापरकर्त्याने दिलेला इंडेक्स चौकटी कंसात घालून ॲरे वाचलात आणि तो हद्दीबाहेर निघाला, तर रस्ट पॅनिक करतं, आणि कर्नलमध्ये ते पॅनिक बग_ऑनच्याच वाटेने जातं. शेजारची मेमरी शाबूत राहिली, पण पुण्याच्या पत्रातला प्रसंग जसाच्या तसा उभा राहिला. त्याऐवजी गेट वापरा, ते ऑप्शन देतं, म्हणजे मूल्य किंवा 'काहीच नाही'. काहीच नसेल तर ईइन्व्हॅल परत करा. ते रस्ट आपणहून लिहीत नाही.