आरशात मागची गाडी दिसू दे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू पहिल्यांदा आमच्या मोटरसायकल क्लबबरोबर येणार हे कळलं, फार बरं वाटलं. चंदगडकडून रोज बेळगावला ये-जा करणाऱ्या मुलीला गाडी कशी चालवायची हे मी सांगायला नको. विनादिव्याची उसाची डबल ट्रॉली कशी ओळखायची, सुगीत डांबरावर नाचणा पसरलेला असतो तेव्हा काय करायचं, हे तुला आमच्या शहरातल्या पोरांपेक्षा जास्त कळतं. पण एकटीनं चालवणं वेगळं आणि चौदा गाड्यांत चालवणं वेगळं. तेवढ्याबद्दलच लिहितो.

पिरनवाडीहून निघून किणये, जांबोटी करत कणकुंबी. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते तिथं थांबायचं, मग परत जांबोटीला येऊन खानापूर, नंदगड आणि शेवटी हलशी. तुझी जागा लीडच्या, म्हणजे सगळ्यात पुढच्या गाडीच्या, लगेच मागे. नवा माणूस दुसरा ठेवायचा ही आमची रीत आहे. लीड तुला आरशात बघतो आणि तुझ्या चालीनं सगळ्यांची चाल ठरवतो. तुझ्यामुळे बाकीचे रखडले असं मनात आणू नकोस, चाल तुझीच असायला हवी म्हणून तर ही जागा.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. वीस वर्षांपूर्वी मी कणकुंबीच्या अलीकडे एका उजव्या वळणावर पडलो. पुढच्या गाडीचा लाल दिवा हातचा जाऊ नये म्हणून त्याच्याकडेच बघत चाललो होतो. तो निघून गेला, वळण आत आवळत गेलं आणि माझी नजर समोरच्या चरीवर खिळली. नजर जाते तिकडे गाडी जाते. घाबरून पुढचा ब्रेक दाबला, बारीक खडीवर चाक सरकलं, हासळीचं हाड मोडलं. हाड जुळलं. पण मी मागे नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, ते अजून मनात आहे. सगळे पुढे जाऊन चहा घेत बसले होते. गवताचे भारे घेऊन चाललेल्या दोघी बायकांनी मला धरून झाडाखाली बसवलं, पाणी पाजलं. आमची मंडळी पाऊण तासानं परत आली. वाईट त्यांच्यात कुणीच नव्हतं. प्रत्येक जण पुढे बघत होता, एवढंच. तेव्हापासून मी कायम शेवटच्या गाडीवर असतो.

म्हणून सांगतो, पुढच्याला गाठणं हे तुझं काम नाही. तुझ्या मागच्याला सांभाळणं हे तुझं काम. एखाद्या वळणावर तो आरशात दिसला नाही तर हरकत नाही. दोन-तीन वळणं गेली तरी दिसेना, तर वेग कमी कर. तरीही नाही, तर लांबून दिसशील अशी जागा बघून डाव्या बाजूला थांब. तू आरशातून गेलीस की लीड थांबेल. अशी अख्खी रांग आपोआप थांबते, फोनची गरज पडत नाही, आणि जंगलात रेंजचा भरवसा नसतोच. जांबोटीला खानापूरकडे वळतानाही तसंच: मागच्यानं तुला बघून मान हलवली की मगच फाटा सोडायचा.

सरळ पट्ट्यात आम्ही एकाआड एक डावी-उजवी धरून चालतो. वळणं सुरू झाली की एका मागे एक, आणि अंतर वाढवायचं. ताशी 60 च्या वेगात गाडी एका सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. दोन सेकंद म्हणजे 33 मीटर. पुढचा ज्या झाडापाशी गेला तिथं पोचायला तुला निदान दोन सेकंद लागले पाहिजेत, पहाटेच्या धुक्यात आणि दंवात त्याहून जास्त. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट जागा लागते, हेही ध्यानात असू दे.

वळण वाचायची एक खूण आहे, ती जरा नीट समजून घे. रस्त्याच्या दोन्ही कडा लांब कुठंतरी एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात. तो ठिपका बघत राहा. तो तुझ्यापुढे पळतोय असं वाटलं तर वळण सुटत चाललंय, हळूहळू ॲक्सिलरेटर दे. तो जागीच राहिला आणि तू त्याच्याजवळ येतेयस, तर वळण आवळतंय. अशा वेळी वेग आधीच कमी झालेला हवा, गिअर आधीच उतरलेला हवा. जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. उजव्या वळणावर मधल्या रेषेला चिकटू नकोस. चाक आपल्या बाजूला असतं, पण गाडी कललेली असते, त्यामुळे डोकं आणि हँडल रेषेपलीकडे जातं आणि समोरून गोव्याची बस येत असते. डावीकडे राहिलीस तर रस्ताही जास्त लांबपर्यंत दिसतो.

कन्नड वाचायला शिकतेयस, छान. तोवर दोन पाट्या अक्षरांच्या आकारावरून ओळखायला शीक: ‘निधानवागि चलिसि’ म्हणजे सावकाश चला, आणि ‘अपघात वलय’ तर मराठीसारखंच आहे. आपल्या भागात अर्ध्या सूचना त्या लिपीत असतात आणि त्या सगळ्यांसाठी असतात.

गवा आडवा आला तर हॉर्न वाजवू नकोस, लांबच थांब. एक गेला म्हणून लगेच निघायचं नाही, त्याच्या मागं दुसरा असतो.

हेल्मेट आयएसआयचंच आण, पट्टा हनुवटीखाली घट्ट बसणारं. टायरची हवा शनिवारी संध्याकाळी नको, रविवारी सकाळी टायर गार असताना बघ. पेट्रोल बेळगावातच भर.

नंदगडला कित्तूरच्या राणी चन्नम्माचा सेनानी संगोळ्ळी रायण्णा, त्याच्या समाधीपाशी थांबू. 1831 साली इंग्रजांनी त्याला तिथंच फाशी दिलं. मग हलशीला भूवराह नरसिंहाच्या देवळात. हलशी म्हणजेच जुनी पलाशिका, एके काळी कदंब राजांची राजधानी होती, आज दुपारी ओवरीत बसलं की नुसती शांतता. तिथंच शिदोरी सोडायची. तुझ्या आईच्या हातची भाकरी आणशील तर सगळ्यांना पुरेल एवढी आण.

आणि एक काम तुझ्याकडे देतो. पिरनवाडीहून निघताना आणि हलशीला पोचल्यावर, दोन्ही वेळा गाड्या तू मोजायच्यास. चौदा भरल्याशिवाय कुणाचा डबा उघडू द्यायचा नाही.

तुझा,
काका