रिसेप्टर रँडम बनतात तर टी-सेल आपल्यालाच का नाही मारत?

प्रश्न भारी आहे, इथे इंदूरला माझ्या नीटच्या बॅचमधली पोरंही दरवर्षी हेच विचारतात.

बघा, टी-सेल म्हणजे जंतूंशी लढणारी एक पांढरी पेशी, तिची सुरुवात बोनमॅरोत होते पण ती घडते थायमस नावाच्या ग्रंथीत, छातीच्या हाडामागे. तिथे जीनचे तुकडे उलटसुलट जोडून प्रत्येक सेलचा वेगळा रिसेप्टर (शत्रू ओळखणारं प्रोटीन) बनतो आणि मग परीक्षा, आपल्या एमएचसीला (पेशीवर प्रोटीनचे तुकडे दाखवणारं प्रोटीन) अजिबात चिकटला नाही तर सेल मरते, फार घट्ट चिकटला तरी बहुतेक मरते (त्यातल्याच काही रेग्युलेटरी, म्हणजे इतरांना आवरणाऱ्या टी-सेल होतात), म्हणजे ९० टक्क्यांहून जास्त तिथेच संपतात. मला सगळ्यात थक्क करतं ते एआयआरई नावाचं जीन, त्याच्यामुळे थायमसमध्येच इन्सुलिनसारखी दुसऱ्या अवयवांची प्रोटीन्स थोडी थोडी बनतात, परीक्षेसाठीच!

तरी काही निसटतातच. म्हणून बाहेर सिग्नलवरही पहारा. रिसेप्टरला अँटिजेन (त्याला ओळखता येणारा तुकडा) लागला की एलसीके एन्झाइम आतल्या शेपट्यांवर फॉस्फेट लावतं, तिथे झॅप-७० हे दुसरं एन्झाइम येऊन बसतं, कॅल्शियम वाढतं. पण सोबत सीडी२८ या सेलवरच्या दुसऱ्या प्रोटीनचा सिग्नल नसेल तर सेल सुन्न पडते. आणि चेतलेली सेल स्वतःच सीटीएलए-४, पीडी-१ हे ब्रेक आपल्या पृष्ठभागावर आणते, पीडी-१ बोलावतं तो फॉस्फेटेज फॉस्फेट परत काढून टाकतो. कॅन्सर हाच ब्रेक दाबून ठेवतो, तो सोडवायच्या उपचारासाठी २०१८ चं नोबेल जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो या शास्त्रज्ञांना मिळालं.

नीटसाठी थायमस आधी पक्कं करा, एलसीके नंतर.