मीटर 228 व्होल्ट दाखवतो, तरी विहिरीवरची मोटार का उचलत नाही?

तुमचा प्रश्न असा: डीपीपासून (लाइनीच्या ट्रान्सफॉर्मरपासून) विहीर 300 मीटर, अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची) अ‍ॅल्युमिनियम वायर, एक एचपीची सिंगल फेज मोटार. स्टार्टरवर मीटर लावला तर 228 व्होल्ट, एलईडी बल्बही लखलखीत लागतो, पण बटण दाबलं की मोटार नुसती घूं घूं करते. मोटार जळाली का, की कपॅसिटर गेला?

बहुतेक दोन्ही नाही. परभणीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. सुरुवातीला अशीच एक मोटार मी पैसे घेऊन भरून दिली होती. आठ दिवसांत ती परत दुकानाच्या पायरीवर! आमच्या बोर्डावर भिंगरीसारखी फिरायची, वावरात नेली की मुकी. तेव्हा कुठे मी मोटार सोडून वायरीकडे बघितलं.

पाइपलाइनचं बघा. टोकाचा कॉक बंद असतो तेव्हा टोकालाही प्रेशर पूर्ण असतं. कॉक उघडला, पाणी धावायला लागलं, की पाइपातल्या घासणीत प्रेशर खर्च होतं. वायरीतही तेच. डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, साधारण 10 मेगाओहम (एक कोटी ओहम), म्हणजे त्यातून करंट जवळजवळ जातच नाही. करंट नाही तर वायरीत व्होल्टेज पडणार कशानं? तुमचा मीटर कॉक बंद ठेवून प्रेशर मोजतोय. एलईडी बल्बही इतका कमी करंट ओढतो की त्याला वायरीचा त्रास कळतच नाही.

आता वायर मोजू. 300 मीटर धरू नका. करंट फेजनं जातो आणि न्यूट्रलनं परत येतो, म्हणून 600. ही चूक आमच्या लाइनीतले जुने लोकही करतात. अडीच एमएम अ‍ॅल्युमिनियमचे 600 मीटर म्हणजे जवळपास 6.8 ओहम. घरात कुणी हा आकडा लक्षातही घेणार नाही. पण एक एचपीची मोटार सुरू होताना चालूच्या पाच-सहा पट, साधारण 30 अँपिअर मागते. व्होल्ट म्हणजे अँपिअर गुणिले ओहम. 30 गुणिले 6.8 झाले 204. एकट्या वायरीतच 204 व्होल्ट गेले तर मोटारीला काय उरलं? अर्थात तेवढा करंट मग वाहतच नाही. थांबलेली मोटार स्वतः 7-8 ओहमची, वायरही जवळपास तितकीच, त्यामुळे दोघी डीपीवरचं व्होल्टेज ढोबळमानानं अर्धं-अर्धं वाटून घेतात. करंटच्या पूर्ण फेऱ्यात जिथं जिथं व्होल्टेज पडतं त्याची बेरीज डीपीवरच्या व्होल्टेजइतकीच भरते. हा नियम जर्मन शास्त्रज्ञ किर्खहोफनं 1845 साली मांडला, तेव्हा तो विद्यार्थीच होता. आणि व्होल्टेज अर्धं झालं की मोटारीचा जोर अर्धा राहत नाही, पाव होतो. म्हणून घूं घूं.

खात्री करायची तर मोटार सोडा आणि तिथं पाणी तापवायचा 1500 वॉटचा रॉड बादलीत लावा. मोटारीचा हिशोब एसी करंटमुळे थोडा वाकडा असतो, रॉडचा सरळ. (हे काम वायरमनकडून करून घ्या, आणि रॉड चालू असताना बादलीत हात नको.) माझ्याकडे परत आलेली ती मोटार पाथरीकडच्या वावरातली, तिथं वायर आणि अंतर तुमच्यासारखंच होतं. रॉड चालू असताना डीपीवर 228, विहिरीवर 186, क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजतात तो) 5.3 अँपिअर. पडले 42 व्होल्ट. 42 भागिले 5.3, म्हणजे 7.9 ओहम.

वायर तर 6.8ची. वरचा 1.1 ओहम कुठला?

बांधावरच्या बाभळीला टांगलेला जॉइंट होता. टेप सोडली तर आत पीळ दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, त्यावर पांढरी भुकटी आणि एका बाजूला वितळलेलं प्लास्टिक. 5.3 अँपिअरला 1.1 ओहम म्हणजे 31 वॉट. माझ्या दुकानातली सोल्डरिंगची इस्त्री 25 वॉटची आहे!

जॉइंट क्रिम्प करून (नळीत घालून दाबून) घ्या, पण तेवढ्यानं भागणार नाही, मूळ 6.8 तसेच राहतात. वायर सहा एमएम अ‍ॅल्युमिनियमची टाकली तर 2.8 ओहमवर येईल, तांब्याची चार एमएम घेतली तर 2.6वर. मोठा कपॅसिटर लावा म्हणून कुणी सांगेल, त्यानं आहे ते वाइंडिंग जळायची सोय होईल.

आणखी एक विचारायचं राहिलं. न्यूट्रल डीपीवरून आणलीय की विहिरीपाशी सळई ठोकून जमिनीवर भागवलंय? आपल्याकडे बरेच जण तसं करतात. तसं असेल तर वरचा 6.8चा हिशोब सोडून द्या. काळी माती चैत्रात भेगाळली की सळईपाशी रेझिस्टन्स कितीतरी वाढतो आणि व्होल्टेज तिथल्या मातीतच पडायला लागतं. बैलाचे पुढचे पाय सळईजवळ आणि मागचे लांब असतील तर दोन्हीकडच्या व्होल्टेजच्या फरकानं करंट त्याच्या अंगातून जातो. ती सळई आजच सोडवा, आणि तोवर तिथं जनावर बांधू नका.