पीक कर्जातून लेझरचं पॅकेज घ्यावं का?

भाऊ, तुमचा मेसेज दोनदा वाचला. पोरगं पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी पळत होतं, मांडीमागचा स्नायू ताणला, सोनोग्राफीत थोडा फाटलेला दिसला, आता फिजिओवाले म्हणतात 20 सिटिंग लेझर घ्या, 800 ची एक, सगळं आगाऊ भरलं तर 14,000, अन् वरून एक एजंट म्हणून राहिला की 28,000 ची मशीनच घरी आणून टाका. पैसे काढायचे पीक कर्जातून, काहून की ते बिनव्याजी.

गोम तिथंच आहे. 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत भरलं तर आपल्याकडे व्याज शून्य पडते, कबूल. पण त्यातले 14,000 इकडे गेले की डीएपी खत अन् बियाणं कृषी केंद्रातून उधारीवर उचलाल, अन् उधारीच्या थैलीचा भाव काय लागते ते मी तुम्हाला काय सांगू!

आता लेझर, म्हणजे कमी ताकदीचा उजेड दुखऱ्या स्नायूवर टाकायचा. अगदीच थोतांड नाही ते. 1967 च्या सुमारास बुडापेस्टच्या डॉ. मेस्तर यांनी भादरलेल्या उंदरांवर लावून पाहिला तर केस लवकर उगवले, तिथून सुरुवात. पण फाटलेला स्नायू लवकर भरतो याचे चांगले रिझल्ट बहुतेक उंदरांवरचेच आहेत, माणसांवर पुरावा थोडा, अन् डोस जास्त झाला तर फायदा उलट कमी होतो. खरं काम हळूहळू वाढवलेला व्यायाम करतो.

मशीनचा तुम्ही पाठवलेला फोटो झूम करून पाहिला, 5 मिलीवॅट लिहिलंय, म्हणजे उजेडाची ताकद तेवढीच. एका जागेवर 6 ज्यूल ऊर्जेचा डोस द्यायचा म्हटलं तर 1200 सेकंद, म्हणजे 20 मिनिटं. अशा सहा जागा धरा, पोरगं दोन तास पालथं! क्लिनिकमधली 200 मिलीवॅटची मशीन तेवढंच एका जागेवर 30 सेकंदात देते. विषय संपला.

मी तुमच्या जागी असतो तर आधी सेवाग्राम नाहीतर सावंगीच्या मेडिकल कॉलेजातल्या फिजिओ ओपीडीत नेऊन व्यायाम नीट शिकवून घेतला असता. लेझरची इच्छाच असेल तर चार सिटिंग, त्या त्या दिवशी पैसे देऊन, 3,200 होतात, ते दुधाच्या पैशातून निघतील. तेवढ्यात फरक नाही वाटला तर बंद करा, पॅकेज घेतलं की मात्र गुण येवो न येवो, वीस पूर्ण करायला माणूस जातच राहते.

अन् भरतीची घाई म्हणून त्याला लवकर पळवू नका, हाच स्नायू पुन्हा फाटायला वेळ लागत नाही, मग सोनोग्राफीपासून सगळा खर्च नव्यानं. डीएपी या आठवड्यात रोखीनं उचलून घ्या.